चोरानं सोडलेल्या कोऱ्या पट्ट्या

१

कुलूप जागच्या जागी होतं, पेटी कुठं वाकलेली नव्हती, आणि आतल्या पट्ट्या तेवढ्या गायब.

रविवारी सकाळी माधवनगरात तात्यांच्या सोप्यात सहा माणसं त्या पत्र्याच्या पेटीत वाकून बघत उभी होती. पुढच्या रविवारी पैरा मंडळाला तीन वर्षं पुरी होणार, म्हणून सगळ्यांनी आपापल्या पट्ट्या या पेटीत आणून ठेवल्या होत्या. शनिवारी सकाळी दोनशे सतरा मोजल्या होत्या. आता त्यांतली एकही दिसेना.

पैरा म्हणजे काय, हे सांगलीकडच्या माणसाला विचारलंत तर तो तुमच्याच तोंडाकडं बघत राहील. पण बाहेरच्यांना सांगायला हवं. आज तुझ्या उसात मी राबतो, उद्या माझ्या हळदीत तू राब. मजुरी द्यायची नाही, माणसाला माणूस द्यायचा. तात्या गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते. गिरणी बंद पडली, शेत त्यांना कधी नव्हतंच, पण पैरा काही डोक्यातून जाईना. मग त्यांनी घरच्या मागावर चार बोटं रुंदीच्या लाल काठाच्या सुती पट्ट्या विणल्या आणि गल्लीत जाहीर केलं की एक पट्टी म्हणजे एक तासाचं काम. दीपमालानं कुणाचा ब्लाऊज शिवला की तिला पट्टी. तीच पट्टी देऊन तिनं शिवतेजकडून पोरीचं गणित करून घ्यायचं. पट्टी ज्याच्या हाती येईल त्यानं तिच्यावर धोब्याच्या शाईनं एक ओळ लिहायची, कुणाकडून आली, कुठल्या तारखेला, कशाबद्दल. वकील असो की धुणीवाली, तास सगळ्यांचा सारखा. फक्त मयत, बाळंतपण आणि आग, या तीन गोष्टींना पट्टी नाही, असं तात्यांनी पहिल्या दिवशीच ठणकावलं होतं. तिथं माणसानं नुसतं धावायचं असतं. अशा कामाची पट्टी घेतली तर त्या माणसाला गल्लीत कुणी दारात उभं केलं नसतं, आणि देणाऱ्याला तर त्याहून नाही.

"किल्ली कुणाजवळ असती?" तात्यांनी विचारलं. ठाऊक होतं, तरी विचारलं.

दीपमालानं पदराची गाठ सोडून किल्ली पुढं धरली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि तो नुसता भीतीनं नव्हे. बाईच्या अंगात रक्तच उरलं नव्हतं. कुपवाडला कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर शिलाई, घरी येऊन मंडळाची शिवणं, नवरा लष्करात राजस्थानला, आणि सासरे अर्धांगवायूनं दोन वर्षं खाटेवर. मंगळवारी मिरजेला तिचं गर्भपिशवीचं ऑपरेशन ठरलं होतं. आता एक दिवसही पुढं ढकलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नंतरचे तीन आठवडे तिनं पाण्याची घागरसुद्धा उचलायची नव्हती. त्या तीन आठवड्यांत सासऱ्यांना उठवायला, बसवायला, अंघोळ घालायला माणसं मिळावीत म्हणून तिनं आठ महिने मर मर मरून चौसष्ट पट्ट्या साठवल्या होत्या. त्या चौसष्टही याच पेटीत होत्या.

तात्यांनी कपाळाला हात लावला. पट्ट्या सापडेपर्यंत मंडळाचं काम बंद ठेवू, म्हणाले. म्हणजे दीपमालाच्या घरच्या पाळ्याही बंद. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण ऐकणाऱ्याला कळलं.

"बंदबिंद काय न्हाई," मागून क्रांती म्हणाली. "मंगळवारला अजून दोन दिवस हायत. तवर मी पट्ट्या आणते."

"आणि न्हाई घावल्या तर?" जयराजनं हळूच विचारलं.

"तर तिच्या सासऱ्याला मी उचलीन. पण घावतील."

२

क्रांती चोवीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होती, इस्लामपूर डेपोला. निवृत्त होऊन माधवनगरात बहिणीजवळ राहायला आली आणि मंडळात तिनं आपल्याला येणारं काम घेतलं. म्हाताऱ्याकोताऱ्यांना मिरजेच्या दवाखान्यात न्यायचं, नंबर लावायचा, तपासून झालं की घरात आणून सोडायचं. आवाज असा की गाडीच्या शेवटच्या बाकावर झोपलेला माणूस उठावा. तोंडाळ म्हणून गल्लीत तिची ख्याती होती आणि तिला त्याचं काडीचं वाईट वाटत नसे.

शनिवारीही ती एका आज्जीला घेऊन मिरजेलाच होती. त्यामुळं काय काय घडलं ते तिनं तात्यांकडून उलगडून घेतलं. शनिवारी सकाळी पट्ट्या मोजताना तात्यांना कल्पना सुचली, की या सगळ्या पट्ट्या पुढच्या रविवारी चौकात दोरीवर लावायच्या. कुणी कुणासाठी काय केलं ते अख्ख्या गावानं वाचायचं. हे ऐकायला तिथं चौघं होती. दीपमाला, शिवतेज, आकाराम पैलवान आणि जयराज. दुपारी दोन ते चार तात्या जेवून आतल्या खोलीत झोपतात, सोप्याचं दार नुसतं लोटलेलं असतं, आणि हे माधवनगरात कुत्र्यामांजरालाही माहीत आहे. चोरी त्या दोन तासांत झाली.

सगळ्यांना घरी पिटाळून क्रांतीनं पेटी पुढ्यात ओढली आणि मांडी घालून बसली.

गाडीत कुणी तिकीट काढलेलं नसलं की ती कधी सरळ त्याच्या अंगावर जायची नाही. आधी त्याच्या पुढच्याचं तिकीट बघायची, मग मागच्याचं, आणि मधला आपोआप खिसा चाचपायला लागायचा. इथंही तिनं आधी गेलेल्या पट्ट्यांचा विचार बाजूला ठेवला आणि पेटीत काय राहिलंय ते बघितलं.

मांडवासाठी जमवलेल्या पैशाचं पाकीट राहिलं होतं, नोटा जशाच्या तशा. आणि त्याच्याखाली सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा होता. तात्यांनी नव्यानं विणलेल्या चाळीस कोऱ्या पट्ट्या.

क्रांतीनं तो गठ्ठा हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. चोराला घाई झाली असेल, असं सकाळी सगळे म्हणाले होते. घाईतल्या माणसानं मूठ भरून हाताला लागेल ते नेलं असतं. यानं मात्र वरचा गठ्ठा उचलून बाजूला ठेवला, खालच्या लिहिलेल्या पट्ट्या एक न एक काढल्या, आणि कोरे तास, ज्यावर कुणाचं नाव नाही आणि जे कुणीही खपवू शकलं असतं, ते पुन्हा नीट आत ठेवले. तासांची चोरी करायची असती तर कोऱ्याच नेल्या असत्या.

तिनं पेटी फिरवली. मागच्या बिजागऱ्यांच्या खिळ्यांवर तेलाचा ओला डाग होता. खिळे खालून ठोकून काढले की झाकण मागून उघडतं, कुलपाला हात लावायला नको. ज्याच्याकडं किल्ली आहे तो हा खटाटोप कशाला करील? पण गल्लीतल्या बायका म्हणणार की आपल्यावर नाव येऊ नये म्हणून दीपमालानंच केलं. एवढ्यानं तिचं नाव धुऊन निघत नव्हतं.

म्हणजे चोर लिहिलेल्या पट्ट्यांच्याच मागं होता. कुठल्या तरी एका पट्टीवर असं काहीतरी होतं, जे चौकात लटकलेलं त्याला बघवणार नव्हतं. ती एक पट्टी लपवायला त्यानं दोनशे सतरा नेल्या. आणि क्रांतीजवळ वाचायला त्यांतली एकही नव्हती.

३

शिवतेज इस्लामपूरच्या एका कॉलेजात शिकवायचा. मंडळासाठी त्यानं मोबाईलवर चालणारं काहीतरी बनवलं होतं आणि पट्ट्या बंद करा म्हणून तो वर्षभर तात्यांच्या मागं लागला होता. गल्लीत दीपमालाच्या खालोखाल त्याचंच नाव घेतलं जात होतं.

पोरगं हुशार. क्रांतीनं तोंड उघडायच्या आतच म्हणाला, "अक्का, पट्ट्या बुडाव्यात असं मला वाटत असतं तर मी कोऱ्या कशाला ठेवल्या असत्या?" शिवाय शनिवारी बारापासून पाचपर्यंत तो परीक्षेच्या वर्गावर उभा होता आणि साठ विद्यार्थी त्याला शिव्या देत पेपर लिहीत होते. क्रांतीनं त्याच्यावर फुली मारली आणि शनिवारी सकाळचं विचारलं.

त्यानं सांगितलं की पट्ट्या कामाप्रमाणं लावत बसले होते. शिवणाच्या एकीकडं, शिकवणीच्या एकीकडं. आकाराम पैलवानाच्या पट्ट्या निघाल्या तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली. पैलवान मालिश करतो, मुरगळलेलं बसवतो, आणि पट्टीवर नुसता अवयव लिहितो. गुडघा. कंबर. पुन्हा कंबर. जयराज मोठ्यानं वाचत होता, बाकीचे हसत होते. मग जयराजला फोन आला म्हणून तो उठून गेला, आणि पैलवानाचं तोंड एवढंसं झालं ते शेवटपर्यंत तसंच.

"आणि अक्का, बिजागरीला तेल आहे म्हणता. तेलाचा हात गल्लीत कुणाचा?"

आकाराम तालमीच्या कट्ट्यावर बसला होता. साठीचा गडी, कान मोडलेले, मान अजून खांबासारखी. त्याची तेलाची बाटली शेजारीच होती. क्रांतीनं न विचारता बूच काढून वास घेतला. कापूर आणि ओवा, डोक्यात जाणारा. बिजागरीच्या तेलाला असला वास नव्हता, आणि ते काळपट होतं. तिनं बूच लावलं आणि बाटली परत ठेवली.

"शनिवारी तोंड का पाडलं होतं रं?"

आकारामनं बाटली मांडीआड सरकवली. मग म्हणाला की अक्का, माझं शिक्षण चौथी. एवढुशा पट्टीवर लांबलचक लिवायला हात वळत न्हाई. ज्याला हात लावला त्याचं नाव लिवतो, गुडघा तर गुडघा, मान तर मान, टाच, खांदा, कंबर. आता ते सगळ्या गावापुढं लावणार आणि गाव हसणार.

क्रांतीला त्याची दया आली आणि शिवतेजचा राग आला. पण हसण्याला भ्यालेला माणूस आपल्या पट्ट्या परत मागतो. बाकीच्या लोकांच्या पट्ट्या नेत नाही. कुणाच्या तरी कंबरेत नाहीतर गुडघ्यात एवढं झोंबण्यासारखं काय असणार, हे काही तिला उमगेना.

तेवढ्यात फोन वाजला. दीपमाला होती. "अक्का, दवाखान्यात कळवायला चाललेय. ऑपरेशन ऱ्हाऊ दे."

४

क्रांती धापा टाकत दीपमालाच्या घरी पोचली. दुपारी नळावर दोघी बायका दीपमालाला ऐकू जाईल असं बोलल्या होत्या, की चोरीच्या तासांवर सासऱ्याची सेवा करून घेणार होती. ते ऐकल्यावर तिनं पिशवी उचलली होती.

"ठेव ती पिशवी," क्रांती म्हणाली. "तू गेलीस तर पोरीला आई कुठनं आणायची? त्याची पट्टी न्हाई मंडळात."

दीपमाला भिंतीला टेकून खाली बसली. आत आबांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, हाक मारली. त्यांना कुशीवर वळवायचं होतं. क्रांती पुढं झाली. दोघींनी मिळून म्हाताऱ्याला उचललं, आणि उचलता उचलता क्रांतीच्या उजव्या खांद्यातून अशी कळ गेली की डोळ्यापुढं अंधारी आली. चोवीस वर्षं गाडीचा दांडा धरून उभी राहिलेली बाई, पण लुळ्या माणसाचं वजन काही निराळंच असतं.

"दोन वर्षं हे तू एकटी करतीस?"

दीपमालानं मान हलवली. मग तिचा बांध फुटला. ती म्हणाली, "आबांना आत्ता काय झालं, तर ह्यांना राजस्थानातनं यायला दोन दिवस. जयराजदादासारखं व्हायचं. बापाला अग्नी दिला, पण लेकाचा खांदा काय मिळाला न्हाई."

ते प्रकरण गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. जयराजचा कुपवाडला लेथचा कारखाना. डिसेंबरात त्याचे वडील गेले तेव्हा तो कोइमतूरला मशीन घ्यायला गेला होता. वडलांचं जास्त झालंय कळल्यावर त्या दिवशी पहाटेच निघून गाडी पळवत आला, लोकांनी अंधार पडायच्या बेतापर्यंत वाट बघितली, आणि तो पोचला तो थेट कृष्णाकाठी घाटावर, लाकडं रचून झाल्यावर. घरापासून घाटापर्यंत बापाला परक्यांनी नेलं. कुणी तोंडावर बोललं नाही. पाठीमागं सगळे बोलले.

क्रांती जागेवरच थांबली. दुखरा खांदा धरलेला तिचा हात तसाच राहिला.

एकच शब्द. पैलवानानं पट्टीवर लिहिला तर एक, आणि बापाच्या मयताला उशिरा पोचलेल्या लेकानं वाचला तर दुसरा.

तिनं तिथूनच आकारामला फोन लावला. हसायचं न्हाई, घाबरायचं न्हाई, फक्त आठवून सांग म्हणाली. डिसेंबरात कुणाचा खांदा चोळलास?

आकारामला आठवायला वेळ लागला नाही. अंजनावैनीचा, म्हणाला. जयराजची आई. सकाळी जाऊन चोळून आलो, त्यांनी पट्टी दिली, आणि तिथंच बसून ओळ लिवली. बारा तारीख.

"तारीख एवढी ध्यानात कशी ऱ्हायली?"

"त्याच दिवशी दुपारी त्यांचं मालक गेलं की अक्का. संध्याकाळी तिरडीला फुडं मीच हुतो."

५

सोमवारी सकाळी कुपवाडच्या रस्त्याला दुचाक्यांची रीघ लागली होती. त्यातून वाट काढत क्रांती जयराजच्या कारखान्यात शिरली. तीन लेथ चालू होते. दारातच तिला तो वास आला, लोखंड कापताना सोडतात त्या तेलाचा, काळपट, कापूर-ओव्याशी काही संबंध नसलेला. मंडळाची पेटीही तीन वर्षांपूर्वी इथंच झाली होती. बिजागरीचा खिळा कुठल्या बाजूनं निघतो हे ती बनवणाऱ्याला सांगावं लागत नाही.

जयराजनं तिला काचेच्या खोलीत नेलं, चहा सांगितला. ती खुर्चीवर बसलीसुद्धा नाही.

"दीपमाला काल ऑपरेशन रद्द करायला निघाली होती," ती म्हणाली. "तिच्या अंगात रक्त न्हाई, जयराज. आणखी महिनाभर लांबलं तर ती पोरगी बिनआईची हुईल. तुला म्हाईत हाय ती चोर न्हाई. काल सोप्यात तू उभा हुतास आणि तिच्या हातातली किल्ली बघत हुतास. मला पट्ट्या पायजेत. का नेल्यास ते मी कुणाला सांगणार न्हाई. तुला सांगायचं असलं तर सांग."

जयराज नाही म्हणाला नाही. चाळीशीतला माणूस, सगळ्या कुपवाडात ज्याच्या कामाला नाव ठेवणारा कुणी नाही, तो टेबलावरच्या कागदांच्या कडा जुळवत बसला. मग उठला, लोखंडी कपाट उघडलं आणि खताचं एक रिकामं पोतं बाहेर काढलं. तोंड बांधलेलं होतं.

"दोनशे सोळा हायत," तो म्हणाला.

"आणि एक?"

त्यानं शर्टाच्या खिशातून ती काढली. जाळायला काढली होती, म्हणाला, दोनदा काडी ओढली, पण आईचं नाव लिहिलेलं, हात धजला नाही. क्रांतीनं पट्टी वाचली. पैलवानाचं वाकडंतिकडं अक्षर. अंजना. १२ डिसेंबर. खांदा.

मग जयराज बोलायला लागला आणि थांबेना. त्या दिवशी वाटेत बाप गेल्याचं कळल्यापासून तो गाडीत एकच म्हणत होता, की निदान घराच्या उंबऱ्यातून बापाला उचलायला मी असलो पाहिजे. नाही पोचला. लोकांनी आपणहून खांदा दिला, तेवढंच एक समाधान होतं. आणि शनिवारी हसत हसत एक एक पट्टी वाचताना ही हाताला लागली. आईनं पट्टी देऊन बापाच्या तिरडीला माणूस विकत घेतला. लेक नव्हता म्हणून. ज्या कामाची पट्टी कुणी देत नाही नि कुणी घेत नाही, ती माझ्या घरातून गेली. हे चौकात लावणार, अक्का. माझी पोरं वाचणार. पैलवानाला जाब विचारावा तर चार लोकांत तेच होणार. आईला विचारायचं धाडस झालं नाही.

क्रांतीला काल रात्रीपासून माहीत होतं की खांदा कुठला. तिथंच सांगून टाकलं असतं तर बिचाऱ्याचा जीव भांड्यात पडला असता. पण काल दिवसभर त्यानं दीपमालाला त्या नजरांखाली उभं राहू दिलं होतं, आणि क्रांतीचा राग अजून उतरला नव्हता. शिवाय हे सांगायचा हक्क तिचा नव्हताच.

"पोतं मी नेते," ती म्हणाली. "पट्टी तू घे आणि घरी चल. कुठला खांदा, ते तुझ्या आईला विचार."

६

अंजनाबाई स्वयंपाकघरात होत्या. लेक भर कामाच्या वेळी घरी आलेला बघून त्यांनी आधी गॅस बारीक केला. जयराजनं पट्टी त्यांच्यापुढं ओट्यावर ठेवली आणि विचारलं. काय विचारतोय तेच त्यांना आधी कळेना.

"खांदा? माझा की. उजवा."



अंजनाबाईंनी मग हात वर करून दाखवला. हात कानापर्यंत गेला आणि अडला. फळीवरचा डबा त्या डाव्या हातानं काढतात हे त्याच घरात राहणाऱ्या लेकाच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. "तुझ्या वडलांना उचलून उचलून गेला," त्या साधेपणानं म्हणाल्या. "अकरा महिने पडून हुते. रात्रीत तीनदा कूस बदलाय लागायची. शेवटी शेवटी माझा हातच वर हुईना, तवा आकारामभावजींना बोलवलं. त्या सकाळी ते चोळून गेले, आणि दुपारी हे गेले."

"मला का न्हाई हाक मारलीस?"

"तू दमून यायचास रं."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि जयराजला तेच सोसेना. बापाला शेवटचा खांदा मिळाला नाही म्हणून तो चार महिने जळत होता. त्याआधीचे अकरा महिने आईचा खांदा भिंतीपलीकडं झिजत होता आणि त्यानं आवाजसुद्धा ऐकला नव्हता. तो स्वयंपाकघरातल्या पाटावर बसला आणि तोंड झाकून रडला. क्रांती दारात पाठमोरी उभी राहिली. अशा वेळी माणसाकडं बघू नये एवढं तिला गाडीनं शिकवलं होतं.

रडून झाल्यावर त्यानं विचारलं, की आता काय करू. क्रांतीनं सांगितलं नाही. सांगितलं ते अंजनाबाईंनी. आधी त्या पोरीचं नाव मोकळं कर, म्हणाल्या.

संध्याकाळी तात्यांच्या सोप्यात सगळे जमले. क्रांतीनं पोतं ओतलं आणि पट्ट्या जयराजला दिलेल्या शब्दाप्रमाणं, कारण न सांगता, तात्यांच्या हवाली करणार, तोच जयराज उठला. मी नेल्या, म्हणाला. का नेल्या तेही सांगितलं, पट्टीवरचा शब्द वाचून दाखवला, त्याचा आपण काय अर्थ घेतला ते सांगितलं, आणि तो खांदा खरा कुणाचा तेही. आकाराम मान खाली घालून ऐकत होता. नळावरच्या दोघीही आल्या होत्या आणि पदराशी चाळा करत होत्या. जयराज दीपमालापुढं हात जोडून उभा राहिला. तिनं तात्यांपुढं हात केला, आपल्या चौसष्ट पट्ट्या मोजून घेतल्या आणि विचारलं की उद्या सकाळी आबांकडं कुणाची पाळी.

"माझी," जयराज म्हणाला. "तिन्ही आठवडे. पट्टी नगं."

"तुला उचलाय येतं का?" अंजनाबाईंनी विचारलं.

त्याला येत नव्हतं.

मंगळवारी सहा वाजता क्रांती रिक्षा घेऊन दीपमालाच्या दारात आली. आत दिवा लागलेला होता. जयराज बनियनवर आबांच्या खाटेपाशी वाकला होता आणि त्यांच्या काखेत हात घालून ओढत होता. म्हातारा कण्हत होता. दीपमाला पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी होती, पण तिचा पाय निघत नव्हता.

लेकाबरोबर आलेल्या अंजनाबाई खाटेच्या उशाशी आल्या. "वडू नगं," त्या म्हणाल्या. "काखंत हात घालायचा न्हाई, दुखतंय त्यांना. एक हात मानंखाली. दुसरा पाठीमागनं. आणि आधी सांगायचं, उठवतोय म्हणून. मग उठवायचं."

जयराजनं हात काढले, पुसले आणि पुन्हा घातले, एक मानेखाली, एक पाठीमागून. "आबा, उठवतोय," तो म्हणाला, आणि थांबला. आबांनी डोळ्यांनी व्हय म्हटलं. मग त्यानं त्यांना बसतं केलं. या खेपेला ते कण्हले नाहीत. दीपमालानं ते बघितलं आणि ती रिक्षाकडं वळली.

"जमलं," अंजनाबाई लेकाला म्हणाल्या. "तुझ्या वडलांना बी असंच उठवाय लागायचं."